शांत स्वभावाचं घराणं

बाबा शांत झाले, तेव्हा आमच्या घरात त्याचं श्रेय विपश्यनेला दिलं गेलं. ते पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. कालव्याच्या ज्या टोकाला पाणी पोचत नसे तिथंही त्यांचा आवाज पोचतो, असं त्यांच्या हाताखालचे लोक म्हणत. पन्नाशी ओलांडल्यावर ते एका शिबिराला जाऊन आले आणि पुढच्या वर्षभरात त्यांचं रागावणं बंद पडलं. मग बोलणं कमी झालं. आईनं उदबत्ती लावली आणि शेजारच्या बायकांना शिबिराचा पत्ता दिला.

लोह्याजवळच्या आमच्या गावी चुलते वारले, तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. हे दोघं भाऊ एका ताटात जेवून वाढलेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पंगत बसली तरी एका वक्त्याचं भाषण संपेना. त्यानं माईकवरून बाबांकडे हात केला. धम्मात उपेक्षा म्हणतात ती ही, सुखदुःखात ढळत नाही ते मन हे, असं तो म्हणाला. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. बाबा शेजारच्या माणसाच्या पत्रावळीतली बुंदी खात होते. त्या माणसानं भक्तिभावानं पत्रावळ पुढं सरकवली.

नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या मेंदूच्या डॉक्टरांपर्यंत आम्हाला पोचायला फार वर्षं गेली. तोवर बाबांना माझं नाव आठवत होतं, पण माझ्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हा नेहमीचा विसराळूपणा नव्हे. ह्याच्यात आधी माया जाते, मग भाषा. आठवण बिचारी शेवटपर्यंत तग धरते." मग त्यांनी आजोबांबद्दल विचारलं. आजोबाही उतारवयात फार शांत होते, असं आम्ही मोठ्या अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाबांचं रक्त तपासायला पाठवलं. दोष जनुकातला निघाला. मुलांपैकी प्रत्येकाकडे तो यायची शक्यता निम्मी, असं त्यांनी सांगितलं. मुलं दोन, अक्का आणि मी.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे कारण विचारायची खोड आहे. डॉक्टरांनी वेळ काढून समजावलं. मेंदूला स्वतःच्या राखणदार पेशी असतात. मोडतोड झाली की झाडलोट करायची, रोगजंतू दिसला तर त्याला गिळायचं, हे त्यांचं काम. त्यांना ताळ्यावर ठेवणारं एक प्रथिन आमच्या घराण्यात कमी बनतं. मग त्या बिथरतात, कचऱ्याबरोबर चांगल्या जोडण्याही खाऊ लागतात. पूर्वी सगळं लक्ष मज्जापेशींवर असायचं. आता संशोधक मेंदूतल्या रक्तवाहिन्यांकडेही बघायला लागलेत. रक्तातलं काय आत सोडायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे त्या वाहिन्यांची भिंत ठरवते. ती सैल पडली की रक्तातले नको ते घटक आत झिरपतात आणि राखणदार आणखी बिथरतात. आधी भिंत की आधी राखणदार, असं मी विचारलं. "ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. इतकं सरळ उत्तर मी आमच्या विद्यापीठात कधी ऐकलेलं नाही. बाबा भानावर असते तर कालव्याचं अस्तर निकृष्ट आहे, असा शेरा मारून मोकळे झाले असते.

म्हणजे आत दंगल पेटलेली आणि बाहेर आम्ही उदबत्ती लावलेली.

बाबा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. मला स्वतःची तपासणी करून घ्यायचा धीर झाला नाही. त्याऐवजी मी चिडण्यावर विश्वास ठेवला. बँकेच्या रांगेत, रिक्षात, विभागाच्या बैठकीत मी चिडतो आणि मनातल्या मनात नोंद घेतो, अजून ठीक आहे. एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, दोन पानांनंतर गच्चीवर जातो, परत येतो. बायको म्हणते, "तुम्ही माझ्यावर खेकसलात की मला बरं वाटतं. असा संसार कुणाचा नसेल."

अक्काची काळजी मला कधी वाटली नव्हती. ती लातूरला शाळेत शिकवते, आणि तिच्याइतकं भांडकुदळ माणूस आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत दुसरं नव्हतं. त्यांच्या वस्तीतल्या विहारात कुणाचं भाषण लांबलं की ती उठायची, भिंतीकडे जायची आणि माईकची पिन उपसायची. दोन आमदारांची भाषणं तिनं अशी आवरली होती. एकदा मीही त्यात सापडलो होतो.

गेल्या पौर्णिमेला दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "प्राध्यापक, या. तुमच्या अक्काचा सत्कार आहे. महिला मंडळाची अध्यक्ष झाली. लई शांत झालीय आता, बघाच तुम्ही."

मी बघितलं. अक्का मंचावर शाल पांघरून बसली होती. एक निवृत्त अधिकारी बोलायला उभे राहिले आणि करुणेपासून सुरू करून स्वतःच्या सेवाकाळापर्यंत आले. पाऊण तास झाला. बायका तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. माईकची पिन तिच्या हाताच्या अंतरावर होती. अक्का हसत बसली होती. अधिकाऱ्यांनी शेवटी तिच्याच शांत स्वभावाचा गौरव केला, टाळ्या झाल्या, आणि मला तिथं बसवेना.

घरी आल्यावर ती ओट्याशी पेढे खात उभी होती. मी मुद्दाम तिचं जुनं दुखणं काढलं. ह्यावर ती चाळीस वर्षं माझ्याशी भांडत आलेली.

"अक्का, खरं सांगू का? बाबांचा लाडका मीच होतो."

"हाव," ती म्हणाली आणि दुसरा पेढा घेतला.

दाजी अंगणात खुर्च्या लावत होते. मी त्यांना म्हणालो, "दाजी, अक्काला नांदेडला डॉक्टरांना दाखवू."

"कामून? काय झालंय तिला?"

"भांडत नाही ती."

दाजी हसले. "भांडते म्हणून बायकोला दवाखान्यात नेलेलं ऐकलंय. भांडत न्हाई म्हणून न्यायचं हे तुमच्या कालेजात शिकवतेत का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बुंदी, रक्ताचा तो रिपोर्ट, निम्मी शक्यता. बाबांच्या रिपोर्टबद्दल अक्कानं त्यांना वरवर सांगितलं होतं, 'म्हातारपणाचं आहे' म्हणून. दाजींचा चेहरा उतरत गेला आणि मग तापला.

"तीस वर्षं ऐकून घेतलं मी तिचं. आत्ता कुठं घरात सुख लागलंय. तुम्हा शिकलेल्यांना कुणाचं बरं चाललेलं बघवत न्हाई."

"बाबांच्या वेळी आम्हीही सुखातच होतो, दाजी."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "परवा दूध उतू गेलं. पातेलं जळून काळं झालं, सगळ्या घरात धूर. ही समोर उभी. मी वरडलो तर हसली. मला वाटलं, ध्यान लागलंय."

मी शेजारची खुर्ची ओढून बसलो.

"औषध हाय का ह्याच्यावर?"

"सध्या नाही. शोध चाललाय."

"मग दाखवून काय करायचं?"

"निदान तिला शाली तरी पांघरवणार नाही कुणी. गॅसपाशी एकटं सोडणार नाही. आणि दुसरं काही असेल, थायरॉईडसारखं, तर बरं होईल."

"आन् तुमचं? तुम्ही दिलं का रक्त?"

"नाही."

"वा," दाजी म्हणाले. "म्हणजे परीक्षा तिची. आधी तुम्ही बाही वर करा, मग मी आणतो तिला."

त्या आठवड्यात ते तिला घेऊन नांदेडला आले. डॉक्टरांनी तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, मेंदूचा फोटो काढायला सांगितलं, थायरॉईडही लिहिलं. खरंच कळून घ्यायचंय का, असं मला दोनदा विचारलं. मी दोन्हीदा हो म्हणालो. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. आधी माझं रक्त घेतलं. मग अक्कानं हात पुढं केला. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

रिपोर्टला काही आठवडे लागतील, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं आणि दाजी पेटले. इतके दिवस कशाला, रक्त कुठं पाठवता, मधेच हरवलं तर जबाबदार कोण, साहेबांना बोलवा. जन्मात कंडक्टरशीही वाद न घातलेला हा माणूस काउंटरवर हात आपटत होता. रांगेतले लोक वैतागले. बाई म्हणाल्या, "काका, शांत व्हा."

"न्हाई होत," दाजी म्हणाले.

अक्का माझ्या शेजारी बाकावर बसली होती. हातावरचा कापूस तिनं अजून धरून ठेवला होता, सोड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी तिचं बोट बाजूला केलं, कापूस काढून घेतला आणि दाजींच्या मदतीला उठलो.