मामाचं ताट आणि माझा पेपर

त्या शनिवारी सकाळपासून मी चिक्कडपल्लीच्या घरात नुसत्या येरझारा घालत होते. बसले की उठावंसं वाटे, उठले की काय करावं सुचेना…

नव्वदीचं दशक होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लासेस निघाले होते, बरोबरीची मुलं एकेक करून अमेरिकेला चालली होती आणि मी आपली पीएचडी करत बसले होते. तेवढ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीने नोकरी देऊ केली. सोमवारी काय ते कळवायचं होतं.

मी शहाणीने मनाशी एक ठरवून टाकलं होतं. परदेशातल्या एका कॉन्फरन्सने माझा पेपर घेतला तर रिसर्च, नाकारला तर नोकरी. पण उत्तराची तारीख उलटून गेली तरी ईमेलचा पत्ता नव्हता. डिपार्टमेंटमध्ये मेलचं एकच मशीन… शुक्रवारी मी त्याच्यापुढे इतक्यांदा जाऊन बसले की बाकीचे वैतागले.

पेपर कशावर होता ते सांगते, घाबरू नका. प्रोग्राम चालवला आणि तो थांबला, तर थांबला हे दिसतं. पण तो कधीच थांबणार नाही, हे नुसतं बघत बसून कळत नाही… कोण जाणे, पुढच्या क्षणी थांबेलही!

प्रोग्रामबद्दल हळूहळू कळत जाणारी माहिती, कमी खाली आणि जास्त वर अशी नीट रचली, की लॅटिस नावाची रचना मिळते. त्यातलं काय वाट पाहून कळू शकतं आणि काय नाही, ते टोपोलॉजी या गणिताच्या शाखेच्या भाषेत मांडता येतं. मी या ‘काय नाही’च्या प्रेमात पडले होते.

सेमिनारची तालीम आईपुढे व्हायची. तिला उदाहरण द्यायचे मामाचं. मामाचं कोठीच्या बाजारात दुकान होतं. फोनवर “हौ अक्का, अब्बी आतूं”, म्हणजे ‘हो ताई, आत्ता येतो’, म्हणायचा आणि त्याचं ते ‘अब्बी’ कधी उजाडेल याचा नेम नसायचा. मामा आला की आला हे कळतं, येणार नाही हे दारात उभं राहून कधीच कळत नाही… आई पोट धरून हसायची.

त्या शनिवारीही मामा रात्री जेवायला यायचा होता. भाजी निवत चालली तशी आईने पानं घेतली. दिवसभराची चिडचिड तिच्यावर काढत मी म्हटलं, “थांब ना जरा, येईल तो!”

“येऊ दे की. त्याचं ताट झाकून ठेवलंय. तो येणार नाही म्हणून नाही वाढत मी, आपल्याला भूक लागली म्हणून वाढायले. आन् तू सकाळपासून कशाची वाट बघायलीस गं? ‘नाही’ हे वाट बघून कळत नसतंय, तूच शिकवलीस ना मला?”

पोळीचा तुकडा हातातच राहिला. असली चूक करायला त्याच विषयात पीएचडी करावी लागते… राग आला, हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. दिवसभर येरझारा घालतानाही डोक्यात नोकरी नव्हतीच, पेपरात अर्धवट राहिलेला एक प्रश्न घोळत होता. मला भूक कशाची आहे हे त्याहून स्पष्ट काय असणार होतं?

सोमवारी कंपनीला फोन करून नकार कळवला.

मेल नंतर आला. पेपर नाकारला होता… वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तोवर मी त्या अर्धवट प्रश्नात बुडाले होते आणि पुढे त्यातूनच माझा थिसिस उभा राहिला.

मामा त्या शनिवारी आला, आमचे हात धुऊन झाल्यावर. झाकलेलं ताट उघडून आरामात जेवला.

आता वर्गात शिकवताना उदाहरण अजून त्याचंच देते. पण आई, त्या दिवशी तू वाट न बघता वाढलंस ना… ते मला अजून पुरतंय.