रिकाम्या देवळातलं नाव

अप्पा कुणाचंही नाव घेत नसत. माणसाचं नाही, बैलाचं नाही, पोटच्या मुलाचंही नाही. मुलगा 'धाकलं', सून 'पोरगी', बायको 'आगं', दूध सोसायटीचे चेअरमन 'फेट्यावालं'. मी सोसायट्यांची तपासणी करत त्या भागात फिरायचो आणि त्यांच्या ओसरीवर बसून किती चहा प्यालो याची गणती नाही, पण मीही त्यांना 'पाव्हणं'च राहिलो. गावानंही मग त्यांना सोडलं नाही. त्यांचं खरं नाव मागं पडलं आणि ते बिननावी अप्पा झाले. निवडणुकीच्या वेळी यादीतून कुणी त्यांचं खरं नाव पुकारलं, तर अप्पा मागं वळून बघत, आपल्या पाठीशी दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

बाकी माणूस भारी बोलका. उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, छातीवर लिंगाची चांदीची डबी. घरात कानडी, दारात मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांच्या तोंडाला खीळ फक्त नावापुरती होती. पहिल्यांदा मला ते खूळ वाटलं. नंतर कळलं की त्यामागं त्यांची मुलगी होती.

बहात्तरच्या दुष्काळात जळकोटपासून आत कुठंतरी रस्त्याचं काम निघालं होतं. आसपासची गावं खडी फोडायला तिथं लोटली होती. जवळच ओढ्याच्या काठी एक जुनं काळ्या दगडाचं देऊळ होतं. शिखर पडलेलं, गाभाऱ्यात देव नाही, नुसता चौथरा. त्याला नावही नव्हतं, सगळे रिकामं देऊळच म्हणत. दुपारी मजूर मंडपात सावलीला बसत, भाकरी खात, पडत. फक्त एक गोष्ट म्हाताऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावून ठेवली होती. त्या देवळात कुणाला नावानं हाक मारायची नाही. म्हणून आया पोरांना बोलवायच्या त्या भांडं वाजवून, नाहीतर नुसतं 'ए, ए' करून.

त्याचं कारण अप्पांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. "देव असतो तिथं नाव देवाच्या कानावर पडतं, पाव्हणं. देव त्ये ऐकतो आन् परत धाडतो. देव नसंल तिथं ऐकणार कोण? दगडच ऐकतो. आन् दगडाला परत द्यायचं ठावं न्हाय."

तेव्हा मात्र अप्पा जवान होते आणि असल्या गोष्टींना हसत होते. एका दुपारी त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी दिसेना. ते शोधत शोधत गाभाऱ्यात शिरले आणि त्यांनी हाक मारली, "गिरिजा!" अंधारातून तेच नाव घुमून परत आलं. ते पुन्हा पुन्हा हाका मारत राहिले. पोरगी तिथं नव्हतीच. ती देवळामागं लिंबाखाली तापानं फणफणत पडली होती. चार दिवसांत ती गेली. अप्पांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. "कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं," ते म्हणायचे. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून कुणाचंच नाव निघालं नाही. मुलगी तर मातीत गेली, पण तिचं नाव त्या देवळात अडकलं आहे आणि ते अडकलंय तोवर तीही कुठं जाऊ शकत नाही, हे त्यांच्या मनानं पक्कं धरलं.

माणसं देवळं दाखवायला लागतात त्याची कारणं वेगवेगळी असतात. अप्पांचं हे होतं. ज्यानं नाव आत टाकलं त्याला ते काढता येत नाही, ते परक्यानं येऊन काढायचं, असं त्या म्हाताऱ्या बायकांपैकीच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. गावातलं कुणी तिथं फिरकत नसे. मग राहिले पाहुणे. दुष्काळ सरला, सोसायट्या निघाल्या, दूध संघ आला, कारखान्याची बोलणी सुरू झाली आणि त्यांच्यामागून साहेब लोक यायला लागले. रविवारी त्यांना करमायचं नाही. चेअरमन म्हणायचे, अप्पांना घेऊन जावा, देवळं बघून या.

अप्पांची फेरी एका दिवसाची असे आणि एका वेळी एक-दोन माणसांहून जास्त ते नेत नसत. एकदा संघाची अख्खी जीप भरून मंडळी आली, तर अप्पा तब्येतीचं निमित्त काढून घोंगडी पांघरून झोपले. मी छेडलं तर म्हणाले, "गर्दी नेली की देऊळ दिसत न्हाय, गर्दीच दिसती." फेरी कुठून निघणार हेही ठरलेलं. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गाला राहायला जातो, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. देव ज्या गावी मुक्कामाला असेल तिथं पाया पडून निघायचं. गेलेल्या देवाच्या देवळात अप्पा पाऊल ठेवत नसत.

राजाबिजाची माहिती विचारू नये. देऊळ कुणी बांधलं म्हटलं की ते म्हणत, "ज्याला दगड उचलत हुते, त्यानं." पण ज्या गोष्टी ते दाखवत त्या दुसरं कुणी दाखवलं नसतं. कुठल्या खांबाला कान लावला की आत पाणी वाहिल्यासारखं वाटतं, कुठल्या कोनाड्यात वटवाघूळसुद्धा बसत नाही. एका भिंतीवर बाईची मूर्ती होती, तिला नाकडोळे काही राहिले नव्हते. मी विचारलं, "हिचं तोंड कुणी फोडलं हो?" अप्पा सहज म्हणाले, "फोडलं न्हाय. बघून बघून झिजलं." दुपारचं टळटळीत ऊन होतं, तरी मी मूर्तीकडं पाठ करायला धजलो नाही.

प्रत्येक देवळाच्या दाराशी ते थांबत, खाकरत आणि पाहुण्यालाही थांबवत. "आतल्याला आवरून घिऊ द्या." मग आत जायचं. निघताना हात जोडून कानडीत म्हणायचे, "बर्तीनी." म्हणजे येतो. हे इतक्या घरगुती आवाजात म्हणत की आतून कुणी 'या बरं का' म्हणेल असं वाटावं. दिवस कलायच्या आत ते पाहुण्याला रिकाम्या देवळाशी आणत, सगळी हकीकत सांगत आणि धाकल्याकडून नाव लिहून घेतलेला कागद पुढं करून एक हाक मारायची विनंती करत. लोक हसत. काही घाबरून गाडीत जाऊन बसत. कुणी एका प्रोफेसरांनी मनापासून हाक मारली, पण नाव जसंच्या तसं घुमून परत आलं. अप्पा म्हणाले, "आजून आतच हाय, त्येच आतनं बोलतंय," आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

माझा रविवार आला तो घाईनं आला. अप्पांच्या धाकल्याला मुलगी झाली होती आणि सोमवारी बारसं होतं. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अव्वांना, नातीचं नाव गिरिजा ठेवायचं होतं. त्यांनी जन्मभर दुसरं काही मागितलं नव्हतं. अप्पा ऐकत नव्हते. अडकलेलं नाव लेकराला दिलं तर लेकरू पण त्या नावामागं जाईल, या भीतीनं ते दोन दिवस जेवले नव्हते. मी सकाळी फटफटी घेऊन दारात गेलो, तेव्हा अव्वा चौकटीला धरून उभ्या होत्या.

"सायब, तुमी लिवणारं-वाचणारं. तुमाला ह्ये खरं वाटायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "पर तेवढं नाव सोडवून आणा. न्हायतर उद्या पाळण्यात नाव काय सांगू?"

मी 'आणतो' म्हणालो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही, पण त्या बाईला 'नाही' म्हणण्याची माझी छाती नव्हती.

नेहमीची फेरी केलीच. अप्पांनी एकही देऊळ वगळू दिलं नाही. एका बारवेच्या पायऱ्यांवर बसून आम्ही भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. बारव कोरडी होती. अप्पांनी घास हातात धरला आणि तसेच बसून राहिले. "आवाज कसा काढायचा ठावं हाय का?" त्यांनी विचारलं. "दम दिल्यासारखा न्हाय. घाबरल्यासारखाबी न्हाय. जेवाय बोलवल्यासारखा." मग जरा वेळानं स्वतःशीच म्हणाले, "म्या भ्यालेल्या आवाजात मारली हुती."

आधी एकदा अप्पांबरोबर निम्मी फेरी केली होती, पण रिकामं देऊळ मी तोवर लांबूनच पाहिलं होतं. जवळ गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे, की तिथं पाखरं नव्हती. ओढ्याच्या पलीकडं चिवचिवाट होता, अलीकडं काही नाही. अप्पा मंडपाच्या पायरीवरच थांबले. मी चपला काढून आत गेलो. दगड अंगाला लागत नव्हता तरी गारवा लागत होता. गाभाऱ्यात डोळे सरावेपर्यंत मी उभा राहिलो. घसा साफ करायला खोकलो, तर खोकला चारी भिंतींवरून फिरून माझ्याकडं आला. अंगावर काटा आला. मागं फिरावंसं वाटलं, पण बाहेर अप्पा होते आणि घरी अव्वा.

मी जेवायला बोलावल्यासारखी हाक मारली. "गिरिजा!"

काहीच परत आलं नाही. नाव तोंडातून निघालं आणि कुणी हातावर झेलून घ्यावं तसं नाहीसं झालं. मला वाटलं, मीच हळू बोललो. म्हणून टाळी वाजवून पाहिली. टाळी खणखणीत घुमली.

"आला का आवाज?" अप्पांनी बाहेरून विचारलं.

"नाही."

"परत मारू नका," ते घाईघाईनं म्हणाले. "सुटलं त्ये. आता परत मारू नका, या भाईर."

मी बाहेर आलो तेव्हा ते पायरीवर बसून रडत होते. पटका सुटून खांद्यावर आला होता. इतका मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो आणि मलाही रडू आलं.

परतीच्या वाटेवर अप्पा फटफटीवर माझ्यामागं बसले आणि बोलायला लागले. नुसती नावं. चेअरमनचं नाव, मुलाचं, सुनेचं, बैलांची, शेजाऱ्यांची, मेलेल्या मित्रांची. मध्येच माझंही घेतलं, अगदी आडनावासकट. वाऱ्यात निम्मी उडून जात होती. वाटेत भेटणाऱ्या माणसांना ते नावानं हाका मारत होते आणि माणसं वेड्यासारखी बघत होती. दारात गाडी थांबायच्या आधीच ते ओरडले, "शांतव्वा!" आमच्याकडं नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, तीही चारचौघांत. ओसरीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. अव्वा आतून आल्या, त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा आत गेल्या. चुलीपाशी बसून त्या हुंदके देत होत्या, ते आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

सोमवारी चुलत आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि गिरिजा हे नाव घरात परत आलं. अप्पांनी देवळं दाखवणं त्याच दिवशी सोडलं. साहेब लोक आले की ते हात जोडून म्हणत, "माझं काम झालंय आता." चेअरमन नाराज झाले, पण इलाज नव्हता. पुढं मी जेव्हा जेव्हा जायचो तेव्हा अप्पा ओसरीवर बसून नातीला हाका मारत असायचे. काम काही नसायचं. ती आत असो, परसात असो, शेजारी असो, लांबून तिचा 'ओ' आला की त्यांचं समाधान व्हायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा हाक. अव्वा वैतागायच्या, लेकराला पाणी तरी पिऊ द्या म्हणायच्या. मला तो म्हातारा त्या वेळी फार फार आवडायचा.

मग माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या भागात पुन्हा काम निघालं, तेव्हा स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं की अप्पा गेले. मी तसाच घरी गेलो. दिवेलागणीची वेळ होती. अव्वा ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होत्या. गिरिजा अंगणात एकटीच सागरगोटे खेळत होती, आजोबांसारखीच लांबोडकी. आम्ही अप्पांबद्दल बोलत होतो. कशानं गेले, शेवटी काय खाल्लं, असलंच काहीतरी.

एकाएकी पोरीनं मान वर केली आणि शेताच्या बाजूला बघत मोठ्यानं म्हणाली, "ओ!"

क्षणभर तिनं कान दिला आणि पुन्हा खेळायला लागली. हाक कुणी मारली नव्हती. रस्त्यावर माणूस नव्हता, शेजारचं दार बंद होतं. अव्वांचं सूप थांबलं होतं.

"रोज देती," त्या हळूच म्हणाल्या. "आमी तिला काय इचारत न्हाय."

मी उठलो. अव्वा माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्या बाहीला धरून विचारलं, "सायब, तुमाला आली का हो हाक ऐकू?"

मला वाटलं होतं त्या भ्याल्या असतील. पण तसं काही नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडं आशेनं बघत होत्या.

"नाही हो, अव्वा."

"मलाबी येत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या.