दुपट्यावरची होडी

परवा माझी नात मोबाईलवर बसल्या बसल्या लेबलं मागवत होती. ती खोबरेल तेलाच्या साबणवड्या करते. रंग निवडला, अक्षर निवडलं, कापड हवं की कागद ते निवडलं, आणि माझा चहा निवायच्या आत काम संपलंसुद्धा. शेवटी मला विचारते, "आजी, मागच्या बाजूला काही चिन्हं टाकू का गं?" चहा माझ्या नाकात गेला. पोर पाठ चोळत विचारत राहिली, काय झालं म्हणून. तिला नाही सांगितलं. इथे सांगते.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, सत्काराच्या शालीची घडी अजून मोडलेली नाही, आणि आता साऱ्या जगाला आपलीच गरज आहे अशी ठाम समजूत. समोर वर्ग नव्हता म्हणून मी नवऱ्यालाच शिकवायला लागले होते. ते बिचारे सकाळी मासळी आणायला म्हणून बाहेर पडायचे आणि मिरकरवाडा बंदरावर जाऊन बांगड्याचा एक वाटा घ्यायला लागणार नाही एवढा वेळ लावायचे.

त्याच सुमाराला माझ्या थोरल्या नणंदबाई आमच्याकडे आल्या. यजमान गेल्यावर त्यांची मुंबईची खोली सुटली. गावाला, मंडणगडच्या बाजूला, चिऱ्याचं घर बंद होतं. त्या तिकडे एकट्या राहायला निघाल्या होत्या. "आधी चार दिवस आमच्याकडे" म्हणून मी त्यांना रत्नागिरीला ओढून आणलं होतं. आल्यापासून त्यांचं पालुपद एकच. "मी जाते गो आता, वहिनी. कुणाच्या घरात बसून खायची सवय नाय मला." खाटेखाली त्यांची निळी रेक्झिनची बॅग कायम भरलेली. त्यातलं लुगडं काढून नेसायच्या, धुवायच्या, वाळलं की परत त्यातच. मी कपाटात रिकामा करून दिलेला कप्पा नुसता डांबराच्या गोळ्या सांभाळत बसला होता.

त्या जाऊ नयेत असं मला मनापासून वाटे. आमच्यात प्रेमाची भाषा कधी नव्हती. पण माझ्या तोंडाला तोंड देणारं घरात दुसरं होतं कोण? आणि त्या बंद घरात ही बाई कुणाशी भांडणार होती?

बसून खायचं नसेल तर काम हवं, असा मी हिशेब मांडला आणि दुपटी काढली. आम्ही विहारात वंदनेला पांढऱ्या सुती साड्या नेसतो. धुऊन धुऊन त्या सायीसारख्या मऊ होतात. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ त्याच साड्यांच्या दुपट्यात गुंडाळलेलं. मी बायकांकडून जुन्या साड्या गोळा केल्या, वन्संनी काठाला रंगीत पट्टी लावून हातटाके घातले, सोबत कुंच्याही शिवल्या. वन्संचा टाका असा की मुंगीलासुद्धा पाय अडकवायला जागा नाही. पण बॅग खाटेखालीच. "हे तू मला गुंतवायला काढलंयस," म्हणाल्या. "विकलं गेलं तर राहीन. नायतर हा पोरखेळ."

झालं. आता ते विकलंच जायला हवं होतं.

बाजारपेठेत बाळांच्या कपड्यांचं एक नवं दुकान निघालं होतं. मालकीण माझीच विद्यार्थिनी. तिने दुपटं गालाला लावून पाहिलं, डोळे मिटले, आणि मग म्हणाली, "बाई, माल सुंदर आहे. पण लेबल नाही. लेबल नसलं की गिऱ्हाईक म्हणतं, हे घरचं आहे."

"अगं, घरचंच आहे."

"तेच तर. घरचं असलेलं चालतं बाई, दिसायला नको."

हे मला कधीच कळलं नाही, पण तेव्हा मी अगदी कळल्यासारखी मान हलवली.

नावावरून आमची दोन दिवस जुंपली. शेवटी दोघींच्या नावांची अर्धी अर्धी अक्षरं जोडली आणि पुढे 'क्रिएशन्स' लावलं. ते जोडनाव इथे लिहीत नाही. खोकल्याचं औषध वाटायचं. छापखान्यात कागदी टॅग करायला टाकले तर तिथला माणूस म्हणतो, "काकू, कोपऱ्यात आंबा टाकू ना?" आमच्याकडच्या छापखान्यांना पेट्यांची लेबलं छापायची इतकी सवय, की लग्नपत्रिकेतही त्यांचा हात आंब्याकडेच जातो. मी म्हटलं, दुपट्यावर आंबा कशाला? तो म्हणाला, "आंबा असला की माल रत्नागिरीचा, हे सांगावं लागत नाही." मी विरघळले. टॅगवर आंबा आला.

कापडी लेबलासाठी मी शिक्के आणि बिल्ले करणाऱ्याकडे गेले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला 'स्वयंसेवक' लिहिलेले साटीनचे बिल्ले त्याच्याकडूनच यायचे. तो म्हणाला, "एका बाजूला नाव येईल. मागे काय छापू?"

मागे! मागचा विचारच केला नव्हता. घरी येऊन कपाटातून नवऱ्याचा कोट काढला. लेकीच्या लग्नाशिवाय दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी न घातलेला, आमच्या घरातला सर्वांत उंची कपडा. आतल्या खिशापाशी लेबल, आणि त्याच्या मागे ओळीने चित्रं. अक्षर एक नाही.

वन्संनी चष्मा पुसला. "ही होडी हाय."

होडीच होती. खाली निमुळती, आत पाण्याची लाट. समुद्राकाठी जन्म गेलेल्या कुठल्याही बाईने तिला होडीच म्हटलं असतं.

"होडी म्हणजे निर्यात," मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "परदेशी जाणाऱ्या आंब्याच्या पेटीवर पेला असतो, छत्री असते, बाण असतो, बघितलंय ना? तसंच हे. उत्तम माल."

"मग तिच्यावर फुली का?"

इथे मी खरी चमकले. शाळेत चुकीच्या उत्तरावर जन्मभर फुल्या मारलेली बाई मी, पण ते मला आठवलं नाही. आठवली ती निवडणुकीची ड्यूटी. "मतपत्रिकेवर काय मारायचो आपण? फुलीच ना? फुली म्हणजे पसंती."

वन्संना पटलं नसावं, पण त्यांचं बोट पुढे सरकलं होतं. "आणि हा त्रिकोण? हा तर दवाखान्याच्या भिंतीवरचा, कुटुंब नियोजनाचा. बाळाच्या दुपट्यावर हा कशाला गो?"

"म्हणून तर त्याच्यावर फुली मारलीय!"

एका फुलीचे दोन उलटे अर्थ मी एका दमात लावले आणि मला स्वतःलाच माझं कौतुक वाटलं. शेवटी एक रिकामा गोल होता. वन्सं म्हणाल्या, "ही भाकरी." त्यावर मला काही सुचलं नाही, म्हणून भाकरी मान्य केली. एक कशाला सोडायचं, असं ठरून सगळीच चित्रं ओळीने छापून आणली. टोकं सुटू नयेत म्हणून साटीन उदबत्तीने डागलं, आणि वन्संनी प्रत्येक दुपट्याच्या कोपऱ्यात ते असं शिवलं की जसं काही सातबाऱ्यावर नाव चढवतायत.

दुकानात माल काचेच्या कपाटात लागला. आम्ही दोघी समोरच्या फुटपाथवरून उगाचच येऊन-जाऊन बघत होतो. त्या रात्री वन्संनी बॅगेतली दोन लुगडी काढून माझ्या कपाटातल्या कप्प्यात ठेवली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग एका सकाळी फोन. "बाई, जरा दुकानात येता का?" आवाज ओळखीचा वाटला. मी त्याच आवाजात मुलांना फळ्यापाशी बोलवायचे.

काउंटरवर एक उघडी पिशवी होती, आणि तिच्यातून येणारा वास कुणालाही ओळखता आला असता. नव्यानेच बाप झालेल्या एका मुंबईकराने आमची दुपटी घेतली होती. बाळ सासुरवाडीला, इथेच. पोरगा शिकलेला, नेटका, लेबल वाचणारा. सासूबाई दुपटी धुवायला निघाल्या तर याने त्यांच्या हातातून काढून घेतली. "मम्मी, नका! पाणी लावायचं नाही याला, लिहिलंय." आणि ओली दुपटी पिशवीत घालून तो गावभर लाँड्र्या हिंडला. एका लाँड्रीवाल्याने पिशवीत डोकावून विचारलं म्हणे, "दादा, मुताचं ड्राय क्लीन?"

माझ्या विद्यार्थिनीने मला स्टुलावर बसवलं. तिला मी एकदा बाकावर उभं केलं होतं, त्या मानाने पोरगी मोठ्या मनाची. तिने पेन घेऊन लेबलावर टेकवलं. "हा टब आहे, बाई. त्यात पाणी. त्यावर फुली."

"होडी नाही?"

"होडी?"

"काही नाही. पुढे सांग."

"पाण्यात धुवू नका. ब्लीच करू नका. फक्त ड्राय क्लीन." आणि मग हळूच, "शिवाय हे डागलेलं टोक बघा, बाळाच्या मानेला टोचतं. बाई, मी हा माल ठेवू शकत नाही हो."

भाकरी म्हणजे ड्राय क्लीन. एवढं मात्र मला आज कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

गाठोडं रिक्षात घालून घरी आणलं. वन्संना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्या उठल्या, कप्प्यातली लुगडी काढली, आणि बॅग खाटेखालून बाहेर ओढली. "उद्याच्या मंडणगड गाडीने जाते."

थांबा म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण थांबा म्हटलं की ही बाई नक्की जाणार, एवढं मला कळत होतं. म्हणून म्हटलं, "जा. पण लेबलं तुम्ही शिवलीत, ती आधी उसवून जा. मला नाही तुमचा टाका उसवता येत."

ते खरंच होतं. वन्संनी माझ्याकडे रोखून पाहिलं, ब्लेड घेतलं आणि बसल्या. पहिलं लेबल निघता निघेना. साटीन फाटलं, दोरा हलेना. "कुठल्या मेलीने एवढं घट्ट घातलंय?"

"आहे एक. गावाला चाललीय."

वन्संनी दुसरं लेबल धरलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पाहते तर तोंडात पदर. "कुटुंब नियोजनावर फुली!" एवढंच म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. मग मीही त्या गाठोड्यावर कोसळले. दाराशी बांगडे घेऊन आलेले माझे यजमान आम्हाला पाहून आल्या पावली परत बाहेर गेले.

डोळे पुसल्यावर वन्सं म्हणाल्या, "पोर मुततं. आपण धुवायचं. त्यात चित्रं कसली काढायचीत गो? लिही ना सरळ, धुवा म्हणून."

साटीन टाकून दिलं. मऊ सुती पट्टी घेतली, आणि बिल्लेवाल्याने तिच्यावर मागच्या बाजूला दोनच शब्द छापले: 'खुशाल धुवा.' पुढून काही नाही. क्रिएशन्सही गेलं. विद्यार्थिनी वाचून काउंटरवर डोकं टेकवून हसली आणि सगळी दुपटी काचेच्या कपाटातून काढून तिने दारातच टांगली. त्या मुंबईकराची सासू सगळ्यांत आधी येऊन दोन घेऊन गेली. जावयाला दाखवायला, म्हणाली.

"एवढी लेबलं लावून झाली की जाते," वन्सं म्हणाल्या. मग "पावसाळा सरला की जाते." मग नातीच्या कुंचीचं निमित्त झालं. आजही 'जाते' म्हणतात त्या, सकाळच्या चहाला, आणि आम्ही त्यांचा कप पुन्हा भरतो. कपाटातला कप्पा आता इतका भरलाय की दार लागत नाही. बॅग खाटेखालीच आहे. तिच्यात उरलेले आंब्याचे टॅग आणि होडीवाली साटीनची अख्खी गुंडाळी कोंबून ठेवलीय, टाकवत नाही म्हणून. गावाला जायचं म्हटलं तर आधी ती रिकामी करावी लागेल, आणि ती उघडली की आमच्या हसण्यातच एसटी चुकते.