एरवी नावाचा वॉल्व्ह

मेढ्याच्या शिवांजलीला स्वस्थ बसणं जमायचंच नाही. विश्रामबागेतल्या एका लहानशा कंपनीत तिनं, बागांना पाणी सोडणाऱ्या यंत्रांसाठी एक सोपी मराठी संगणकभाषा घडवली होती. 'जर माती कोरडी, तर पंप चालू' असं लिहिलं की यंत्र तसं वागे. शेतकरी आपापल्या आज्ञा स्वतःच लिहीत, वॉल्व्हना मनाला येतील ती नावं देत. पण अट खरी नसेल तर काय करायचं, याला शब्दच नव्हता. दर वेळी उलटी अट नव्यानं लिहावी लागे. ते तिला खुपायचं. शेवटी तिनं 'एरवी' आणला. 'जर पाऊस, तर पंप बंद, एरवी चालू.'

"जुनं लिहिलेलं मोडणार नाही ना?" साहेबांनी, विश्वजित सरांनी विचारलं.

"नाही हो सर!" म्हणत तिनं नवी आवृत्ती सगळ्या यंत्रांवर धाडलीसुद्धा.

त्याच आठवड्यात पलूसहून मायाचा फोन आला. नवरा जयराज फौजेत, द्राक्षबाग तीच बघायची. "ताई, पाणीच सुटंना झालंय. पानं मान टाकाय लागली."

शिवांजली तडक पलूसला पोचली. माया चिखलात पळत हातानं वॉल्व्ह उघडत होती. जयराजनं सुट्टीत लिहून ठेवलेल्या आज्ञा शिवांजलीनं उघडल्या. रोजच्या पाण्याच्या वॉल्व्हला त्यानं नाव दिलं होतं, 'एरवी'. तो शब्द आता आज्ञेचा झाल्यानं यंत्र त्याला वॉल्व्ह मानतच नव्हतं.

"एक शब्द बदलते, लगेच चालू होईल."

"नगा, ताई. ह्यांनी लिवलंय ते. काय बिघडलं की ते तिकडनं फोनवर सांगत्यात, मी हितं वाचती. तुमी बदललासा तर आमा दोघांचा मेळ कसा बसायचा?"

"अहो, एकच शब्द!"

"ते आले की बघतील."

शिवांजली चिडली, बांधावर येरझाऱ्या घालत राहिली. मग तिथूनच तिनं नवी आवृत्ती मागं घेतली. पाणी सुटलं. मायानं दिलेला चहा तिनं उभ्यानंच संपवला.

पुढं तिनं तोड काढली: सुरुवातीला 'नवी रीत' असं लिहिलं तरच 'एरवी'चा नवा अर्थ, नाहीतर सगळं पूर्वीसारखं. पण आता एका भाषेचे दोन संसार झाले. प्रत्येक दुरुस्ती दोनदा. जुनी रीत कधी बंद करता येईल, याचाच तिला घोर.

दिवाळीत जयराज सुट्टीवर आल्याचं कळताच तिनं फोन लावला. "आता नाव बदलता का? नवी रीत फार सोपी आहे."

"झकास चाललंय की ताई. कशाला हात लावायचा?"

तिनं फोन ठेवला, खुर्चीत बसली, लगेच उठली, आणि चपला अडकवून चालायला बाहेर पडली.