मोरू सरांचा दोर

२०१६ साली तलासरीजवळच्या आमच्या शाळेत मोरू तांडेल इंग्रजी शिकवायला आले. घर डहाणूच्या किनाऱ्यावर, वडिलांची होडी. मी मुख्याध्यापक, शिस्तीचा माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अंगणातल्या चिंचेला होडीचा जुना दोर बांधला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आमची मुलं इंग्रजी वाचायची हजेरी दिल्यासारखी, सगळं एकाच जोरात. मोरू सर शब्द फोडून दाखवत. बटरफ्लाय म्हणजे जोडलेले शब्द दोन, पण तोंडात तुकडे तीन, ब-टर-फ्लाय.

"जोर पहिल्यावर," ते सांगत. "होडी ओढतो तसं. एकदा दम लावायचा, मग सैल सोडायचं."

मुलं 'ब'ला ओढत, 'टर-फ्लाय'ला दोर ढिला सोडत. फुटबॉल, रेनकोट, टूथब्रश, सगळे असेच ओढून झाले. किनाऱ्यावर होडी ओढताना दिसली की वाटेने जाणाराही दोराला हात लावतो, बोलावण्याची वाट बघत नाही. तोच नियम इथे. शिपाई धाकल्या ओढायचा, खिचडी शिजवणाऱ्या बुधीबाई ओढायच्या. मी खिडकीतून बघायचो. मुख्याध्यापकाने का दोर ओढायचा?

सहावीत कविता नावाची मुलगी होती, ती बोलताना अडखळायची, म्हणून चारचौघांत गप्पच. दोर हातात असला की मात्र तिचा शब्द सुटायचा.

२०१८ला तपासणीचे साहेब यायचे होते. अंगण नीट दिसावं म्हणून मी दोर सोडून कपाटात कोंडला आणि बजावलं, "कविताला पुढे करू नका."

"सर, ती स्वतःहून वाचते म्हणालीय," मोरू सर म्हणाले. "आज गप्प बसवली तर परत तोंड उघडायची नाही."

मी कपाटाची किल्ली खिशात टाकली.

साहेबांनी फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं, ग्रासहॉपर. कविता उभी राहिली. "ग्र... ग्र..." पुढे सरकेना. डोळे भरून आले. मग तिने रिकाम्या मुठी पुढे धरल्या. मागच्या बाकावरच्या पोराने धरल्या, मग अख्ख्या वर्गाने. दारातून बुधीबाईंनीही धरल्या.

मला स्वतःची फार लाज वाटली. साहेबांच्या शेजारीच मी मुठी आवळल्या आणि सगळ्यांबरोबर ओढलं.

"ग्रासहॉपर," कविता म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. "हे काय चाललंय?"

"दोर ओढतोय, साहेब."

"कुठे आहे दोर?"

"माझ्या कपाटात," मी म्हणालो.