मास्तरांचा फोन आणि एका बाहीचा कोट

आमच्या गल्लीत त्या महिन्यात दोन दुकानं फुटली. आधी सायकलवाल्याचं, मग आठ दिवसांनी चष्मेवाल्याचं. चष्मेवाल्याकडून चोराने नुसत्या फ्रेमी नेल्या, काचा एकीलाही नव्हत्या. त्या घालून तो काय बघणार होता ते त्याचं त्याला ठाऊक! पण हे हसणं नंतरचं. तेव्हा सगळ्यांची झोप उडाली होती. जो तो नवीन कुलपं घेत होता, कोपऱ्यावर कॅमेरा लावायचं ठरत होतं. शिंपीमास्तरांनी तर शटरला दोन कुलपं लावली आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ते दोन्ही ओढून ओढून बघायचे. चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच. मधे एक विटेची भिंत, तीही पातळ. मास्तर चाळीस वर्षं त्या मशीनवर बसलेले. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्यानेही बेताचंच. त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे. दर रविवारी सकाळी तिचा फोन आला की तिने काय शिजवलं, खोलीचा नळ कसा गळतो, साहेब कसा तिरसट आहे, सगळं मला भिंतीअलीकडे बसून कळायचं. मास्तरांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांना धरून आहेत.

मास्तर म्हणजे सरळमार्गी माणूस. दिलेली तारीख पाळणारा शिंपी मी दुसरा पाहिलेला नाही. अंगावर कपडा चढवला की दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "खांदा खोटं बोलतोय." मग टाचण्या काढून पुन्हा लावायच्या. गिऱ्हाईक कंटाळलं तरी चालेल, खांदा खरा बोलला पाहिजे.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास शाळेतल्या खेळाच्या बाई त्यांच्याकडे कोटाची ट्रायल द्यायला आल्या होत्या. पंचवीस वर्षं शाळेत काढली म्हणून बाईंचा सत्कार व्हायचा होता, त्यासाठी राखाडी कोट शिवायला टाकला होता. कच्चे टाके घातलेला, उजवी बाही लागलेली, डावी अजून टेबलावर. पाठीवर खडूच्या रेघा, कमरेला टाचण्याच टाचण्या. बाई पडद्यामागच्या आरशासमोर उभ्या होत्या आणि मास्तर बाहेर डावी बाही उचलत होते, एवढ्यात फोन वाजला.

पडद्यामागे बाईंना शब्दन् शब्द ऐकू आला.

"पोलीस ठाण्यातून बोलतोय," एक जाड आवाज म्हणाला. "तुमची मुलगी हॉस्पिटलात कामाला आहे ना? आमच्या ताब्यात आहे ती. तिच्या बॅगेत चोरून नेलेली औषधं सापडलीत."

"काय? माझी मुलगी? साहेब, काहीतरी चूक होतेय..."

"चूक? घ्या, बोला तिच्याशी."

आणि मग रडणं. शब्द काहीच नाहीत, हुंदकेच हुंदके. मधेच एकदा, "मला सोडवा हो."

मास्तरांनी नंतर मला सांगितलं, "ताई, ते रडणं ऐकलं आणि आवाज कुणाचा हे बघायचं भानच राहिलं नाही. पोरगी रडतेय म्हटल्यावर ती आपलीच वाटते."

जाड आवाज पुन्हा आला. केस नोंदवली की नोकरी गेली, आयुष्य गेलं. पण साहेब दयाळू आहेत, आत्ताच्या आत्ता मिटवता येईल. बँकेत जायचं, असेल नसेल ते सांगितलेल्या खात्यावर भरायचं. फोन बंद करायचा नाही, वरच्या खिशात चालू ठेवायचा. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. बोललात तर मुलगी सरळ कोठडीत.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यामागे कुणी उभं आहे हे ते साफ विसरले. ड्रॉवरमधून पासबुक घेतलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि निघाले. ज्या माणसाने महिनाभर दोन दोन कुलपं ओढून बघितली, तो त्या दिवशी एकही न लावता गेला.

"मास्तर! अहो मास्तर, थांबा!" बाईंनी हाक मारली. पण ती गेली डाव्या कानाकडून.

माझं मशीन सकाळपासून घरघरत होतं, त्यामुळे पलीकडचं मला काही कळलं नव्हतं. मी कागदाचा गठ्ठा मशीनला लावत होते, तर शटरखालून वाकून बाई बाहेर आल्या आणि थेट माझ्या दुकानात. एका हाताला बाही, दुसरा हात उघडा, अंगभर टाचण्या, गळ्यात तशीच अडकलेली मापाची टेप. मला वाटलं, मास्तरांना काही झालं.

"मास्तरांच्या मुलीचा नंबर आहे का तुमच्याकडे?" त्यांनी एका दमात विचारलं. "लावा लवकर. त्यांना कुणीतरी फसवतंय."

नंबर होता. मागे ती माझ्याकडून अर्जाच्या प्रती काढून घ्यायची, तेव्हाचा. मी लावला. रिंग गेली, गेली, बंद पडली. पुन्हा लावला. तेच.

"बाई, खरंच काही झालं नसेल ना तिला?"

बाई म्हणाल्या, "झालं असेल तर आपण जाऊ तिच्याकडे. पण पैसे भरून मुलगी सुटत नसते. तुम्ही लावत राहा, मी बँकेत जाते."

आणि त्या धावल्या. पन्नाशीच्या बाई, पण धावणं शाळेच्या मैदानावर मुरलेलं! टाचण्या टोचत होत्या, म्हणून एक कोपर हवेत धरलेलं. चष्मेवाला दुकानाबाहेर येऊन बघत राहिला. सायकलवाल्याला वाटलं चोर सापडला, म्हणून तोही पाना घेऊन मागे पळाला. त्याच्यामागे मी, एका हातात फोन, एका हातात चप्पल, कारण तिचा पट्टा पहिल्याच वळणावर तुटला.

बँकेत मास्तर खिडकीसमोरच होते. पावतीवरचा आकडा दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहीत होते. आतल्या कॅशियर मुलीला शंका आली होती. ती विचारत होती, "काका, एवढे सगळे एकदम? कुणाला पाठवताय?" आणि मास्तर नुसतेच मान हलवत होते, खिशातल्या फोनकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवत होते.

बाईंनी मागून येऊन त्यांच्या खिशातला फोन उचलला.

"बाई, नका हो!" मास्तर जवळजवळ रडलेच. "ते तिला आत टाकतील!"

बाईंनी फोन तोंडाशी धरला आणि शाळेच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारलं, "कोण बोलतंय? नाव सांगा. हुद्दा सांगा. ठाणं कुठलं? मुलीचं नाव काय? आईचं नाव काय?"

पलीकडून एक घाणेरडी शिवी, आणि फोन बंद.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "स्वतःच ठेवला त्याने."

पण मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. ते बाकावर बसले आणि एकच वाक्य म्हणत राहिले, "तिने फोन का नाही उचलला? ताई, तिने फोन का नाही उचलला?" मी पुन्हा तिचा नंबर लावला. खरं सांगते, ती दहा मिनिटं माझ्याही जिवात जीव नव्हता. सायकलवाला पाना पाठीमागे लपवून उभा होता.

अखेर कॅशियर मुलीलाच सुचलं. तिने हॉस्पिटलचा नंबर शोधून काढला आणि लावून माझ्या हातात दिला. चौकशीवरून लॅबला, लॅबमधून कुणा दुसऱ्याला. शेवटी एक बाई शांतपणे म्हणाली, "हो, इथेच आहे की. समोर बसून काचपट्ट्या बघतेय. देऊ का?"

"द्या, तिचे वडील बोलतायत म्हणा," मी म्हटलं आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो? अप्पा? काय झालं? इथे लॅबमध्ये कसा काय फोन केलात? बरे आहात ना?"

मास्तरांनी माझ्या हातातून फोन घेऊन उजव्या कानाशी धरला. मग म्हणाले, "काही नाही गं. जेवलीस का?"

"अप्पा, अहो साडेअकरा वाजलेत!"

आणि मास्तर हसायला लागले. डोळ्यांतून धारा, आणि हसतायत. कॅशियर मुलगी खिडकीआड डोळे पुसत होती. लॅबमध्ये मोबाईल आत न्यायची परवानगी नसते, तो दिवसभर लॉकरमध्ये असतो, एवढीच होती सगळी गोष्ट. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंना तेव्हा कुठे कळलं की आपण भर बँकेत एका बाहीने उभ्या आहोत. पण त्यांनी काही केलं नाही. तशाच बसल्या मास्तरांशेजारी.

दुपारी आम्ही तिघं खऱ्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या फौजदार बाईंनी तक्रार लिहून घेतली, नंबर घेतला. त्या म्हणाल्या, "काका, फोनवर अटक आणि फोनवरच सुटका असं पोलिसांत काही नसतं. 'घाई कर' आणि 'कुणाला सांगू नको', हे दोन्ही एकाच तोंडून आलं की फोन ठेवायचा. मग आपल्याकडे असलेल्या नंबरावर आपणच फोन करून खात्री करायची. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसायचं नाही, तासाभरात कळवायचं. पुष्कळदा अडवता येतात."

एवढं होऊन सगळं सुखरूप होतं. तरी पुढचे दोन दिवस मास्तरांचं शटर उघडलं नाही. मी मागच्या दाराने गेले, तर आत अंधारात बसलेले.

"पैसे वाचले, मुलगी सुखरूप आहे. मग आता काय?" मी विचारलं.

"आयुष्यभर माणसांची मापं घेतली, ताई. आणि त्या दोन पैशाच्या माणसाने मला बघता बघता नाचवलं. गल्लीत तोंड कसं दाखवू?"

मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती शुक्रवारी रजा टाकून आली.

रविवारी सकाळी सायकलवाल्याच्या दुकानात गल्लीची बैठक होती, कॅमेरा कुठे लावायचा यावर. तासभर सगळे तावातावाने कोपऱ्यांवर भांडत होते. मागे बसलेले मास्तर अचानक उभे राहिले.

"कॅमेरा लावाच," ते म्हणाले. "पण मी जे सांगतो तेही ऐका." आणि त्यांनी सगळं सांगितलं. आवाज, रडणं, खिशातला फोन, खोडलेला आकडा, काही लपवलं नाही. सांगताना एकदा थांबले, मुलीने पाण्याचा ग्लास दिला.

कुणी हसलं नाही. चष्मेवाला खाकरला. "मला पण आला होता," तो म्हणाला. "वीज कापणार म्हणून. मी मोबाईलवर आलेले आकडे सांगूनही टाकले होते. घरी बोललो नाही अजून." मग किराणावाली बोलली. मग आणखी एकजण. बैठक संपली तेव्हा ज्या दुकानाला असला फोन येईल त्याने तो सगळ्यांना सांगायचा असं ठरलं होतं, आणि कॅमेऱ्याचा कोपरा ठरवायचा राहूनच गेला होता.

परत आलो. बाईंचा कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, म्हणून मास्तर मशीनवर बसले. मी आणि मुलगी बाजूला बटणं लावत होतो. ती बराच वेळ एकाच बटणात सुई घालत-काढत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "गेल्या वर्षी मी पण फसलेय."

मशीन थांबलं.

"पहिले तीन पगार गेले. कुरिअर अडकलंय म्हणून फोन आला होता. मी घाबरले. तुम्हाला सांगितलं नाही. कुणालाच नाही."

"म्हणून तू दिवाणाशिवाय जमिनीवर झोपत होतीस? मला म्हणालीस, पाठ दुखते म्हणून!"

"तुम्ही काय म्हणाल याची भीती वाटली."

मास्तर उठले. मला वाटलं रागावणार. त्यांनी तिच्या हातातली सुई काढून टाचण्यांच्या गादीत टोचली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येडी ती येडी," ते म्हणाले. "वर्षभर एकटीने वागवलंस हे? मी दोन दिवसांत आडवा झालो!"

ती रडता रडता हसली. मला वाटलं आता आपण निघावं. मी उरलेली बटणं टेबलावर ठेवली आणि माझ्या दुकानात येऊन बसले. भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं येत होतं, एकमेकांचं तोडून, एकावर एक. त्याने तुला काय सांगितलं, मग तू काय म्हणालीस, अरे देवा, मग? मधेच दोघं मोठ्याने हसत होते. गिऱ्हाईक आलं, त्याने विचारलं, "शेजारी काही कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, "हो, घरचाच आहे," आणि त्याच्या प्रती काढायला घेतल्या.