हळद लागलेली फाईल

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये मला गुणवत्तेची कागदपत्रं लावायला ठेवलं होतं. वर कंपनीचं धोरण, त्याखाली कार्यपद्धती, अन् सगळ्यात खाली प्रत्येक मशीनवरच्या कामाच्या सूचना. सल्लागाराने दिलेला इंग्रजी नमुना मी बाजूला सारला. तुरीला तेल कधी लावायचं, पाणी किती मारायचं, ओली असली तर भरडायची नाही, हे मशीनपुढे उभं राहून मराठीत लिहिलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. लिहिलेलं वाचलं जावं, एवढीच हाव होती.

प्रत्येक मशीनपाशी एक निळी फाईल ठेवली. दसऱ्याला मशीनी धुतल्या, झेंडूचे हार चढले, अन् माझ्या फायलींनाही कोणीतरी हळदकुंकू लावलं. मी जरा लांबच उभी होते. आमच्या अमरावतीच्या घरी पुस्तक ओवाळत नाहीत. बाबांना वाचता येत नाही; मजुरीवरून आले की म्हणायचे, "वाच काही, मी आयकतो."

पुढच्या आठवड्यात डाळीत चुरी, म्हणजे तुटका माल, वाढली. ओला माल तसाच भरडला होता. मी भरड्यावरच्या, म्हणजे तूर भरडायच्या मशीनवरच्या, काकांना विचारलं, "काका, फाईल नाही पाहिली?"

"पूजेतली हाये ना थे, मॅडम. माखल्या हातानं कशी उघडू?"

"उघडायलाच ठेवली ना!"

"तुमी शिकेल हा, तुमाले चालते. आमाले काहून पाप लावता?"

बाजूचे दोघं हसले. मान होता माझा तिथे. पण डब्याच्या सुट्टीत माझ्याजवळ कोणी बसत नसे, अन् फाईल कोणी उघडत नसे.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीवरून बाबांना फोन लावला अन् भरड्याचं पान अख्खं वाचून दाखवलं. शेवटी ते म्हणाले, "समजलं मले." म्हणजे लिहिण्यात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रचनाच बदलली. सूचनांची पानं फायलींतून काढली अन् सुतळीने मशीनींना डोळ्यांसमोर बांधली. रोज सकाळी मी त्यांच्यावरची धूळ पुसायची.

एका सकाळी भरड्याच्या पानावर, ओल्या तुरीच्या ओळीखाली, तेलकट बोटाचा लांब डाग दिसला. कोणीतरी बोट फिरवत वाचलं होतं. कोणी, ते मी विचारलं नाही. तेवढी जागा सोडून बाकीचं पान पुसलं.